खंड्या, तिबोटी

खंड्या, तिबोटी : खंड्या या सर्वपरिचित पक्ष्याच्या कुलातील (ॲल्सिडिनिडी) एक अतिशय लहान, बहुरंगी व अरण्यवासी पक्षी. याचे शास्त्रीय नाव सीक्स एरिथॅका असे आहे. चोचीसह त्याची लांबी सु. १३ सेंमी. व वजन सु. १४ ते २० ग्रॅ. भरते, म्हणजे तो चिमणीहूनही लहान असून त्या लांबीतला जवळजवळ चौथा हिस्सा एकट्या चोचीने व्यापलेला असतो. भारतात आढळणाऱ्या खंड्यांमध्ये हा सर्वांत लहान होय. पश्चिम घाट, कोकणातील डोंगराळ वने, ईशान्य भारत, अंदमान व निकोबार बेटे, श्रीलंका आणि तेथून पुढे आग्नेय आशियातील बेटांपर्यंत त्याचा प्रसार आहे. महाराष्ट्रात तो मुख्यतः पावसाळी पाहुणा आहे. मृगाच्या सुमारास तो येतो, भर पावसात मातीच्या दरडीत बीळ खणून वीण उरकतो आणि पाऊस सरता सरता निघून जातो.

खंड्या म्हटले की पाण्याच्या काठी खांबावर किंवा तारेवर टपून बसलेला आणि मासा दिसताच सूर मारणारा पक्षी डोळ्यांपुढे येतो. रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवरील उरण तालुक्यात असे खंड्या पक्षी पुष्कळ आहेत. मिठागरांच्या बांधांवर, खाजणांच्या उघाड्यांपाशी व भातखाचरांच्या कडेला पांढऱ्या छातीचा खंड्या आणि निळा-नारिंगी सामान्य खंड्या नेहमी दिसतात. उघड्या पाण्यावर एका जागी पंख फडफडवीत तरंगणारा काळा-पांढरा कवड्या खंड्याही लोकांच्या ओळखीचा असतो. खारफुटीच्या आडोशाला कधी काळ्या डोक्याचा खंड्याही आढळतो. या सर्वांच्या संगतीत तिबोटी खंड्या सापडावयाचा नाही. त्याला खाडीचे खारे पाणी नको, मोकळे आकाश नको आणि मासेही फारसे नकोत. त्याला हवे असते ते झाडांच्या गच्च छायेतून वाहणारे, चार-दोन हात रुंदीचे गोड्या पाण्याचे पऱ्हे आणि त्याच्या काठची ओली, कच्च्या मातीची दरड. त्यामुळे ज्या गावाच्या वेशीबाहेरील डोंगरात तो दर वर्षी पिल्ले वाढवितो त्या गावातील अनेकांनी त्याला आयुष्यात एकदाही पाहिलेले नसते. संस्कृतातील मत्स्यरंग किंवा मराठीतील धीवर ही खंड्याची नावे त्याच्या मासेमारीवरून पडली आहेत. ती या पक्ष्याला लागू पडत नाहीत.

वर्णन : याची चोच लांब, सरळ, बुडाशी जाड व पोवळ्यासारखी तांबडी असते. डोके व मान नारिंगी-तांबूस असून त्यांवर जांभळट गुलाबी झाक असते. कपाळाच्या बुडाशी एक काळा ठिपका, तसेच मानेच्या दोन्ही बाजूंस एक गडद निळा व त्याला लागून एक पांढरा ठिपका असतो. पाठ व पंख निळसर काळे असतात. पाठीच्या मध्यावर चकचकीत निळा पट्टा असतो, तर कमरेपासून आखूड शेपटीपर्यंतचा भाग पुन्हा तांबूस व गुलाबी झाकीचा असतो. गळा पांढरा आणि छाती व पोट हळदी-नारिंगी असतात. पाय चोचीप्रमाणेच तांबडे असतात. नर व मादी दिसण्यात सारखी असतात. नुकत्याच उडू लागलेल्या पिल्लांचे रंग फिकट असून त्यांच्या चोचीचे टोक पांढुरके असते.

एवढ्या रंगांचा पक्षी अरण्यात चटकन नजरेस पडेल असे वाटते, पण अनुभव उलटा आहे. पिसांतील निळा रंग हा रंगद्रव्याचा नसून पिसाच्या अंतर्गत सूक्ष्म रचनेमुळे होणाऱ्या प्रकाशाच्या विकिरणाचा परिणाम आहे. नारिंगी रंग मात्र रंगद्रव्याचा असतो. आषाढातील ढगाळ दिवशी दाट पालवीखाली प्रकाशच इतका अंधूक असतो, की पाठीचा निळा रंग काळपट छायेत मिसळून जातो आणि पोटाचा नारिंगी रंग ओल्या पाचोळ्याशी एकरूप होतो. पक्षी हालचाल न करता बसून राहिला, तर तीन-चार मीटरांवरूनही तो पिकल्या पानासारखा वाटतो. एखाद्या क्षणी ढग फाटून उन्हाचा कवडसा त्याच्यावर पडला किंवा तो उडाला, की सारे रंग एकदम उजळून उठतात. बहुधा त्याची पहिली चाहूल कानांनाच लागते. उडताना तो ‘ची-ची’ असा बारीक, उंच व टोकदार आवाज काढतो. पावसाच्या व पाण्याच्या खळखळाटातूनही तो ऐकू येतो. मात्र आवाजाच्या दिशेने मान वळेपर्यंत पक्षी पुढच्या वळणापलीकडे गेलेला असतो. त्याचे उड्डाण जमिनीलगत, सरळ रेषेत व फार वेगाचे असते.

पक्ष्याचे मराठी नाव त्याच्या पायांवरून आले आहे. सामान्य खंड्याला पुढे तीन व मागे एक अशी चार बोटे असतात. तिबोटी खंड्याच्या पायाचे दुसरे, म्हणजे पुढच्या बोटांपैकी आतल्या बाजूचे बोट नाहीसे झालेले असते. उरलेली पुढची दोन बोटे बुडाशी एकमेकांना जोडलेली असतात. अशी जोडबोटे हे सर्व खंड्यांचे व त्यांच्या नातलगांचे एक लक्षण आहे. हे पाय आखूड व दुबळे असतात. चालण्यासाठी त्यांचा उपयोग जवळजवळ नाही. फांदीवर बसणे आणि बिळातील सुटी माती मागे ढकलणे एवढेच त्यांचे काम. या दुसऱ्या कामाला चार सुट्या बोटांपेक्षा जोडलेल्या बोटांचा फावड्यासारखा पंजा अधिक सोयीचा ठरतो.

नाव व वर्गीकरण : कार्ल लिनीअस यांनी १७५८ मध्ये या जातीचे शास्त्रीय नामकरण केले. त्यांनी पक्षी स्वतः पाहून वर्णन केले नव्हते. १७३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एलिझर ॲल्बिन यांच्या सचित्र ग्रंथातील ‘बंगालचा खंड्या’ या चित्राचा व वर्णनाचा त्यांना आधार होता. लिनीअस यांनी त्याला सामान्य खंड्याच्या ॲल्सिडो या वंशात घातले होते. पुढे १७९९ मध्ये फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लासेपेद यांनी तीन बोटांच्या खंड्यांसाठी सीक्स हा वंश स्थापन केला. वंशाचे हे नाव एका ग्रीक पुराणकथेतून घेतलेले आहे. सीक्स हा राजा समुद्रात बुडून मेला, त्याच्या पत्नीने शोकाने समुद्रात उडी घेतली आणि देवांनी दया येऊन दोघांना खंड्या पक्षी केले, अशी ती कथा. या पक्ष्यांची अंडी उबेपर्यंत हिवाळ्यातील काही दिवस समुद्र शांत राहतो, असा ग्रीकांचा समज होता. कोकणातील तिबोटी खंड्याच्या वाट्याला अशी सवलत आलेली नाही. त्याची अंडी उबतात ती वर्षातील सर्वांत खवळलेल्या दिवसांत.

मलाया, सुमात्रा, बोर्निओ या भागांत तांबूस पाठीचा एक अगदी जवळचा खंड्या (सीक्स रूफिडॉर्सा) आढळतो. दोन्हींचे संकर काही ठिकाणी होत असल्यामुळे ती एकाच जातीची दोन रूपे असावीत, असे दीर्घकाळ मानले जात होते. जनुकीय अभ्यासानंतर मात्र त्यांना दोन स्वतंत्र जाती मानण्याकडे कल आहे. अंदमान व निकोबार बेटांवरील पक्षी सीक्स एरिथॅका मॅक्रोकेरस या वेगळ्या उपजातीत गणले जातात.

बेटे व खंड्या : सीक्स वंशाचा खरा विस्तार बेटांवर झाला आहे. या वंशात वीसहून अधिक जाती असून त्यांतील बहुतेक फिलिपीन्स, सुलावेसी, मोलुकू, न्यू गिनी व सॉलोमन या बेटसमूहांतील अरण्यांत राहतात. बेटागणिक त्यांचे रंग बदलतात. एका बेटावरील पक्ष्याची चोच तांबडी, तर शेजारच्याची काळी. एकाचे पोट नारिंगी, तर दुसऱ्याचे पांढरे, असे हे बदल असतात. पूर्वी ज्याला एकच जाती समजत त्या सीक्स लेपिडस या खंड्याच्या पुढे अनेक जाती करण्यात आल्या, त्या याच कारणाने. एवढासा पक्षी समुद्र ओलांडून बेटावर पोहोचतो, तेथील वनात स्थिरावतो आणि पिढ्यान्‌पिढ्या इतरांपासून तुटून राहिल्यामुळे निराळा होतो. तिबोटी खंड्या हा या बेटवासी घराण्यातला मुख्य भूमीवर दूर पश्चिमेपर्यंत आलेला सदस्य आहे. भारतात नियमितपणे आढळणारी सीक्स वंशाची ही एकच जाती होय.

या संदर्भात कॅरिबियन समुद्रातील टोडी या पक्ष्यांची आठवण होते. क्यूबा, जमेका, प्वेर्त रीको या बेटांवर प्रत्येकी एक व हिस्पॅनिओलावर दोन अशा त्यांच्या पाच जाती आहेत. ते जेमतेम ११ सेंमी. लांबीचे, हिरव्या पाठीचे व लाल गळ्याचे असतात. टोडी व खंड्या ही दोन्ही कुले कोरॅसिइफॉर्मिस या एकाच गणातील आहेत. टोडीदेखील वनातील सावलीत बसून कीटक टिपतो, दरडीत बीळ खणतो आणि त्यात गोल, पांढरी अंडी घालतो. पृथ्वीच्या दोन टोकांच्या या पक्ष्यांची राहणी इतकी सारखी आहे, की बिळात घर करण्याची ही रीत त्या गणात फार जुनी असावी, हे पटते. खंड्या, टोडी व मॉटमॉट यांप्रमाणेच आपल्याकडील वेडा राघूसुद्धा जमिनीत किंवा दरडीतच बीळ खणतो.

अधिवास : महाराष्ट्रात तिबोटी खंड्या सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर व कोकणातील सखल वनांत आढळतो. रायगड जिल्ह्यात तो पाहण्याचे सर्वांत प्रसिद्ध ठिकाण म्हणजे पनवेलपासून सु. १२ किमी.वर, मुंबई-गोवा महामार्गालगत असलेले कर्नाळा पक्षी अभयारण्य. ते १९६८ मध्ये घोषित झाले तेव्हा त्याचे क्षेत्र सु. ४·५ चौ. किमी. होते, २००३ मध्ये ते वाढवून सु. १२ चौ. किमी. करण्यात आले. मुरूड तालुक्यातील फणसाड अभयारण्य व मुंबईतील संजय गांधी राष्ट्रीय उद्यान येथेही हा पक्षी पावसाळ्यात येतो.

उरण हे मुळात बेट. जुन्या कागदपत्रांत ते कारंजा बेट या नावाने येते. दक्षिणेचा द्रोणागिरी, उत्तरेकडील मोऱ्याच्या बाजूची टेकडी आणि मध्ये मिठागरे व भातशेती अशी त्याची रचना होती. भरावामुळे आज ते मुख्य भूमीशी एकजीव झाले आहे. घारापुरीचे बेट मात्र अद्याप चहूबाजूंनी पाण्याने वेढलेले असून तेही याच तालुक्यात मोडते. तिबोटी खंड्याला मानवणारी वने तालुक्याच्या पूर्वेस, चिरनेर व रानसई या बाजूंच्या डोंगरांत आहेत आणि ती कर्नाळ्याच्या डोंगररांगेजवळ पडतात. पानगळी व निमसदाहरित वृक्षांचे हे मिश्र वन आहे. ऐन, किंजळ, साग, मोह व आंबा हे त्यातील ठळक वृक्ष, तर उतारावर कारवीची जाळी माजते. डोंगरातील पऱ्हे मे महिन्यात ठणठणीत कोरडे असतात व जूनच्या पहिल्या मोठ्या पावसाबरोबर वाहू लागतात. याच डोंगरात अक्कादेवीच्या माळावर २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरचा जंगल सत्याग्रह झाला व पोलिसांच्या गोळीबारात सत्याग्रही हुतात्मे झाले. वनावरील हक्कासाठी झालेल्या त्या लढ्याचा पक्ष्यांशी अर्थातच काही संबंध नव्हता. तथापि या टेकड्यांतील झाडीला स्थानिक लोकांच्या लेखी किती मोल होते, याची ती साक्ष आहे. ठाकूर व कातकरी यांच्या वाड्या आजही या डोंगरांत आहेत.

अन्न : हा पक्षी जमिनीपासून एक-दोन मीटर उंचीवरील फांदीवर, वेलीवर किंवा पऱ्ह्यावर झुकलेल्या मुळावर टेहळणीला बसतो. अधूनमधून तो मान खालीवर झटकतो; भक्ष्याचे अंतर अजमावण्याची खंड्यांची ही रीत आहे. भक्ष्य दिसताच झेप घालून ते पानावरून, जमिनीवरून किंवा पाण्याच्या पृष्ठावरून तो उचलतो व पुन्हा बैठकीवर येतो. नाकतोडे, रातकिडे, खंडोबाचे किडे, माश्या, पंख फुटलेल्या मुंग्या, चतुर हे त्याचे नेहमीचे खाद्य होय. कोळ्यांना तो जाळ्यातून अलगद टिपतो. याखेरीज लहान बेडूक, गोगलगाई, खेकड्यांची पिल्ले, पाली, सापसुरळ्या व क्वचित बारीक मासे त्याला चालतात. स्वतःच्या निम्म्या लांबीची सापसुरळी पकडून आणलेला पक्षी पाहिला, म्हणजे त्या एवढ्याशा देहातील शिकाऱ्याची कल्पना येते. असे भक्ष्य तो फांदीवर डावीउजवीकडे आपटून निपचित करतो, त्यामुळे सापसुरळीची हाडे व खेकड्याचे कवच मोडते. मग ते डोक्याच्या बाजूने गिळतो. किटिनासारखा न पचणारा भाग गोळीच्या रूपाने तोंडावाटे टाकला जातो. पाण्यात बुडी मारणे त्याला येत नाही असे नाही. पण ते बहुधा स्नानासाठी असते.

वीण : उत्तर व ईशान्य भारतात याची वीण एप्रिल-मेपासून सुरू होते. कोकणात व पश्चिम घाटात मात्र ती नैर्ऋत्य मोसमी पावसाशी बांधलेली असून जून ते सप्टेंबर हा तिचा काळ असतो. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिमी.च्या आसपास पाऊस पडतो व त्यातील बहुतेक सर्व या चार महिन्यांतच पडतो. इतर बहुसंख्य पक्षी असा धोक्याचा काळ टाळून आधी किंवा नंतर पिल्ले वाढवितात. मग जमिनीत घर करणाऱ्या पक्ष्याने नेमका हाच काळ का निवडावा, असा प्रश्न पडतो. त्याची दोन कारणे दिसतात. पहिले, एप्रिल-मेमध्ये तापून दगडासारखी झालेली दरडीची माती पहिल्या पावसांनी भिजून मऊ होते आणि अशीच माती हा हलक्या चोचीचा पक्षी खणू शकतो. दुसरे, पाऊस पडताच कोकणच्या वनात बेडूक, खेकडे, गोगलगाई व कीटक यांची रेलचेल होते. पिल्लांना दिवसभर पुरेल एवढे अन्न वर्षात दुसऱ्या कोणत्याही वेळी पऱ्ह्याच्या शंभर पावलांत मिळणार नाही.

जोडीतील दोन्ही पक्षी बीळ खणतात. प्रथम ते दरडीसमोरून उडत येऊन चोचीने मातीवर प्रहार करतात. पाय टेकण्यापुरता खळगा झाला, की त्यात बसून चोचीने खणणे व पायांनी माती मागे लोटणे चालू होते. जागा पऱ्ह्याच्या काठी असते. रस्त्याच्या किंवा पायवाटेच्या कडेला तोडलेल्या दरडीतही असते. कोसळलेल्या झाडाच्या मुळांना चिकटून राहिलेल्या मातीच्या ढेपेतही बीळ सापडते. दगड लागला तर अर्धवट बीळ सोडून शेजारी दुसरे सुरू केले जाते, त्यामुळे एकाच दरडीत दोन-तीन अपुरी तोंडे दिसली तरी तेवढी घरटी आहेत असे समजू नये. बीळ आडवे, एक मीटरपर्यंत लांब व आत जाताना किंचित चढते असते. या चढामुळे आत शिरलेले पाणी बाहेर वाहून जाते. बिळाच्या शेवटी रुंद पोकळी असते. तीत काड्या, गवत वा पिसे अंथरलेली नसतात. अंडी नुसत्या मातीवर घातली जातात. अंडी बहुधा ४-५, क्वचित ३ ते ७, चकचकीत पांढरी व गोलसर असतात. अंधारात असलेल्या अंड्यांना ठिपक्यांच्या वा रंगाच्या मायावरणाची गरज नसते. बिळात घरटे करणाऱ्या पुष्कळ पक्ष्यांची अंडी अशीच पांढरी असतात.

नर व मादी दोघेही अंडी उबवितात. सु. १७ दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. ती उघडी व आंधळी असतात. पिसे फुटू लागली तरी बरेच दिवस ती आपापल्या आवरणातच राहतात, त्यामुळे या अवस्थेतील पिल्लू साळिंदराच्या पोरासारखे काटेरी दिसते. बिळातील चिखल व घाण यांपासून पिसे स्वच्छ राखण्यास ही आवरणे उपयोगी पडत असली पाहिजेत, कारण घर सोडण्याच्या थोडे आधी ती गळून पडतात व पिल्लू जवळजवळ पूर्ण पोशाखात बाहेर येते. आईबाप आळीपाळीने एका वेळी एकच भक्ष्य आणतात. स्वतःसाठी पकडलेले भक्ष्य आणि पिल्लासाठी आणलेले भक्ष्य यांतील फरक दुरूनही ओळखता येतो. पिल्लाच्या घशात ते सुलभपणे जावे म्हणून त्याचे डोके चोचीच्या बाहेरच्या बाजूला धरलेले असते. बिळात थेट शिरण्याऐवजी पक्षी आधी जवळच्या ठरावीक फांदीवर बसतो, आजूबाजूचा कानोसा घेतो व निर्धास्त वाटले तरच आत जातो. सु. २० दिवसांनी पिल्ले उडून जातात. पहिली वीण फुकट गेली, तर हंगाम उरला असल्यास जोडी दुसऱ्यांदा अंडी घालते.

बीळ खणणे, अंडी, उबवण व पिल्लांची वाढ मिळून हा सारा व्याप दीड-दोन महिन्यांचा आहे. पावसाने ओढ दिली तर माती कठीण राहते आणि खणण्याचे काम लांबते. एकाच रात्रीत अतिवृष्टी झाली तर दरड खचून बीळ पिल्लांसह नाहीसे होते किंवा पऱ्ह्याला पूर येऊन तोंड बुडते. धामण, घोरपड व मुंगूस हे बिळाचे नेहमीचे शत्रू. जो पाऊस या पक्ष्याला घर व अन्न देतो तोच त्याच्या पिल्लांचा घात करू शकतो, आणि दर वर्षी काही जोड्यांच्या बाबतीत तसे घडते.

स्थलांतर : केरळातील वनांत व श्रीलंकेत तिबोटी खंड्या वर्षभर आढळतो, उत्तर कोकणात तो ऑक्टोबरनंतर क्वचित दिसतो. स्थलांतर करणारे पक्षी रात्री प्रवास करतात. मलाया द्वीपकल्पात डोंगरमाथ्यावरील दिव्यांकडे रात्री ओढले गेलेले असे पक्षी पूर्वीपासून नोंदले गेले आहेत. सिंगापूरमध्ये उंच इमारतींच्या काचांवर आपटून पडणाऱ्या स्थलांतरी पक्ष्यांतही ही जाती असते. मुंबई व आसपासच्या शहरांत पावसाळ्याच्या तोंडी एखाद्या सज्जात किंवा जिन्यात हा पक्षी गोंधळलेल्या अवस्थेत सापडतो आणि दुर्मिळ परदेशी पक्षी म्हणून त्याची बातमी होते. तो ना परदेशी असतो, ना वाट चुकलेला. आपल्या नेहमीच्या वाटेवर उभ्या राहिलेल्या काचेने व उजेडाने तो फसलेला असतो. असा पक्षी आढळल्यास त्याला हवा जाईल अशा पुठ्ठ्याच्या पेटीत, अंधारात व शांततेत ठेवावे. चोचीत पाणी ओतू नये. धक्क्यातून सावरल्यावर त्याला झाडीत सोडता येते. जखम असल्यास वनविभागाला कळवावे.

सद्यःस्थिती : संपूर्ण प्रसारक्षेत्राचा विचार करता ही जाती आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या सूचीत कमी चिंतेच्या वर्गात आहे, आणि भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये तिला संरक्षण आहे. परंतु हा निर्वाळा एखाद्या तालुक्यातील पक्ष्यांना लागू करणे चुकीचे ठरेल. उरण-पनवेल परिसराचे रूप गेल्या अर्धशतकात जितके पालटले तितके कोकणातील क्वचितच दुसऱ्या भागाचे पालटले असेल. १९७० मध्ये नवी मुंबईसाठी या भागातील गावांच्या जमिनी अधिसूचित झाल्या. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. त्यापाठोपाठ मालसाठ्याची आगारे व रुंद रस्ते आले. जानेवारी २०२४ मध्ये शिवडीहून येणारा सागरी सेतू तालुक्यातील चिर्ले येथे जमिनीला लागला. या कामांना लागणारा दगड व मुरूम जवळच्या टेकड्यांतूनच येतो. नवी मुंबई विमानतळासाठी तर उलव्याची टेकडी कापून सपाट करण्यात आली. बंदरामुळे व भरावामुळे खाजणांतील पाणपक्ष्यांची झालेली हानी सर्वांच्या नजरेस येते, कारण ते पक्षी मोठे असून थव्यांनी राहतात. डोंगरातील एखादा पऱ्हा आटला आणि त्याच्या काठचा तिबोटी खंड्या पुढच्या जूनमध्ये आला नाही, तर त्याची नोंद कोठे होत नाही.

दरड तोडली गेली की हा पक्षी संपला, असे मात्र सरसकट म्हणता येत नाही. रस्त्यासाठी तोडलेली, दोन-तीन मीटर उंचीची, मुरमाड मातीची उभी दरड त्याला घरट्यासाठी आवडते. वर झाडी व जवळ पऱ्हा असल्यास अशा दरडीत तो वर्षानुवर्षे येत राहतो. अडचण पुढच्या टप्प्यावर येते. दरड ढासळू नये म्हणून तिला दगडी अस्तर किंवा सिमेंटचा गिलावा दिला, की बिळाला जागा उरत नाही. जूनमध्ये यंत्राने गटारे साफ करताना कडेची दरड तासली, तर अंड्यांसह बीळ जाते. महामार्ग कर्नाळा अभयारण्यातूनच जात असल्याने हा प्रश्न तेथे नेहमीचा आहे. ज्या वळणावर दरड खरोखर धोक्याची आहे तेथे अस्तर करावे व इतरत्र माती उघडी ठेवावी, तसेच कडा तासण्याचे काम मेअखेर संपवावे, एवढ्यानेही बरेच साधते. त्याला वेगळा खर्च येत नाही.

अलीकडे आणखी एक उपद्रव वाढला आहे. दूरवरून छायाचित्र टिपणारी भिंगे सर्वांच्या हाती आल्यापासून पावसाळ्यात तिबोटी खंड्याच्या बिळासमोर छायाचित्रकारांची गर्दी होऊ लागली. चोचीत सापसुरळी धरलेल्या पक्ष्याचे चित्र मोहक असते यात शंका नाही. पण आईबाप निर्धास्त वाटेपर्यंत बिळात शिरत नाहीत, हे वर सांगितलेच आहे. समोर माणसे उभी असली, की ते भक्ष्य चोचीत धरून फांदीवरच ताटकळत बसतात किंवा ते स्वतःच गिळून टाकतात. पिल्लांच्या वाट्याचा घास असा रोज अनेकदा चुकतो. चित्र स्वच्छ यावे म्हणून बिळापुढील वेली व फांद्या छाटल्या, तर बिळाचे तोंड घोरपडीला व सापालाही उघडे पडते. पक्षिनिरीक्षकांच्या अनेक संस्थांनी व छायाचित्रस्पर्धांनी म्हणूनच घरट्यावरील चित्रे न स्वीकारण्याचा प्रघात पाडला आहे. पक्षी पाहावयाचा असल्यास बिळाचा शोध न घेता, पऱ्ह्याच्या एखाद्या वळणावर पाण्यापासून काही अंतरावर शांतपणे बसावे. पाऊस थांबून पानांवरचे पाणी निथळत असते त्या अर्ध्या तासात तो शिकारीसाठी बाहेर पडतो, आणि एकाच फांदीवर तो पुनःपुन्हा येऊन बसत असल्यामुळे एकदा ती फांदी कळली की फार वाट पाहावी लागत नाही.